मार्गदर्शकाचा रीतिवर्तमानकाळ

१

२०२५ साली स्पेनमधील 'प्रिन्सेस ऑफ अस्तुरियास' पुरस्कारांपैकी सलोख्यासाठीचा पुरस्कार मेक्सिको शहरातील राष्ट्रीय मानवशास्त्र संग्रहालयाला देण्यात आला. त्याच्या सहा वर्षे आधी, २०१९ मध्ये, मेक्सिकोच्या राष्ट्राध्यक्षांनी स्पेनच्या राजाला पत्र लिहून, सोळाव्या शतकातील विजयमोहिमेत झालेल्या अत्याचारांबद्दल तेथील मूळ रहिवाशांची क्षमा मागावी अशी मागणी केली होती. आणि स्पेनच्या सरकारने ती ठामपणे फेटाळून लावली होती. सरकार वेगळे आणि पुरस्कार देणारे प्रतिष्ठान वेगळे, हे मान्य केले तरी एक प्रश्न उरतो. हा सलोखा कोणाचा कोणाशी झाला? ज्यांची क्षमा मागावी की मागू नये याविषयी दोन राजधान्यांत वाद चालला होता, ते स्वतः या व्यवहारात कोठे होते? ते संग्रहालयात होते. संग्रहालयात असणे म्हणजे नेमके काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

साहित्यसमीक्षेच्या नियतकालिकात ही चर्चा कशासाठी, असे आता कोणी फारसे विचारणार नाही. चिन्हमीमांसेचा प्रसार झाल्यापासून संग्रहालय ही एक संहिता, दालने ही तिची प्रकरणे, प्रेक्षक हा वाचक आणि मार्गदर्शक हा अनेक भाष्यकारांपैकी एक भाष्यकार, असे म्हणणे आपल्या चर्चासत्रांत जवळजवळ शिष्टाचाराचा भाग होऊन बसले आहे. संहिता म्हटली की अर्थाची अनिश्चितता आली. अनिश्चितता आली की वाचकाचे स्वातंत्र्य आले. आणि स्वातंत्र्य आले की प्रश्न मिटला. या साखळीतील पहिल्या दुव्याला माझा आक्षेप नाही. संग्रहालय ही संहिता आहे, असे खुशाल धरून चालू. पण मग तिचे व्याकरणही तपासले पाहिजे. तिच्यातील क्रियापदे कोणत्या काळात चालतात, कर्ता कोठे गळून पडतो, प्रथमपुरुष कोणाच्या वाट्याला येतो, ही चौकशी अर्थाच्या अनेकतेचे गोडवे गाण्याआधी व्हावयास हवी होती. ती झालेली नाही. मानवशास्त्र संग्रहालयाची मार्गदर्शित फेरी मृतांना इतिहास देते आणि जिवंतांचा इतिहास काढून घेते. आणि अशा संग्रहालयावर टीका करणारी समीक्षादेखील पुष्कळदा त्याच मार्गाने चालत राहते, असे माझे प्रतिपादन आहे.

२

चापुल्तेपेकच्या उद्यानातील ही वास्तू पेद्रो रामिरेस वास्केस या वास्तुकाराच्या नेतृत्वाखाली उभी राहिली आणि १७ सप्टेंबर १९६४ रोजी तिचे उद्घाटन झाले. मध्यभागी लांबट चौक. त्याच्या अलीकडच्या भागावर एकाच खांबावर तोललेले प्रचंड छत आणि खांबाभोवती वरून कोसळणारे पाणी. चौकाच्या सभोवती दालने. तळमजल्यावर पुरातत्त्व आहे आणि वरच्या मजल्यावर आजच्या मूळ रहिवाशांचे वांशिक-सांस्कृतिक वर्णन. फेरी उजव्या हाताने सुरू होते. खंडात माणसाचे आगमन, प्रारंभीच्या शेतकरी वसाहती, तेओतिवाकान, तोल्तेक. आणि मग चौकाच्या टोकाला, प्रवेशद्वाराच्या थेट समोर, मेशिकांचे दालन. आपण ज्यांना ॲझ्टेक म्हणतो तेच हे लोक. या दालनात 'सूर्यशिला' आहे: वजन सुमारे २४ टन, व्यास साडेतीन मीटरहून अधिक. फेरीचा कळस येथे होतो. त्यानंतर डाव्या अंगाने ओआहाका, आखाती किनारा, माया, पश्चिम आणि उत्तर अशी दालने उलगडत परत दाराशी यावयाचे.

तळमजल्यावरील निवेदनाची क्रियापदे पाहावीत. शहर वसवले गेले, राज्य वाढले, तह झाला, दुष्काळ पडला, सत्ता कोसळली. ही भूतकाळाची क्रियापदे आहेत, आणि त्यांच्याबरोबर कारणे येतात, तारखा येतात, राजांची नावे येतात, पराभव येतो. येथला माणूस काहीतरी करतो आणि त्याचे काहीतरी होते. आता जिना चढून वर जावे. हे लोक मका पिकवतात. स्त्रिया कमरेच्या मागावर कापड विणत असतात. मृतांच्या दिवशी वेदी सजवीत असतात. पावसासाठी डोंगरावर जात असतात. मराठी व्याकरणात यासाठी अचूक संज्ञा आहे: रीतिवर्तमानकाळ. जी क्रिया सुरू झाली नाही आणि संपणार नाही, जिला कारण नाही आणि परिणाम नाही, जी केवळ रीत म्हणून घडत राहते, तिचा हा काळ. योहानेस फाबियान यांनी १९८३ मधील 'टाइम अँड दि अदर' या ग्रंथात मानवशास्त्राच्या लेखनातील या काळाची सविस्तर झडती घेतली. अभ्यासक ज्यांच्यात राहून आला, ज्यांच्याशी बोलला, जेवला, भांडला, त्यांनाच तो लिहिताना स्वतःच्या काळाबाहेर नेऊन ठेवतो, हे त्यांच्या विवेचनाचे सार. ग्रंथात जे वाक्यरचनेने साधते ते येथे वास्तुरचनेने साधले आहे.

वरची दालने त्या त्या प्रदेशाच्या प्राचीन दालनांच्या माथ्यावर येतील अशी योजना आहे. प्राचीन मायांच्या वर आजचे माया, प्राचीन ओआहाकाच्या वर आजचे ओआहाका. परंपरेचे सातत्य दाखवावे हा त्यामागील हेतू. आणि तो हेतू मी प्रामाणिक मानतो. पण सातत्य दाखवण्यासाठी मधला काळ लागतो. १५२१ मध्ये मेशिकांची राजधानी पडली. संग्रहालय १९६४ मध्ये उघडले. या जवळजवळ साडेचारशे वर्षांत साथींनी गावे ओस पडली, जमिनी गेल्या, वेठ आली, बंडे झाली, क्रांती झाली, जमिनींचे फेरवाटप झाले, माणसे शहरांकडे आणि उत्तरेच्या सीमेपलीकडे गेली. ही वर्षे कोठे आहेत? ती त्याच उद्यानातील टेकडीवर, चापुल्तेपेकच्या किल्ल्यात १९४४ पासून असलेल्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहेत. तेथे मुख्य ओघ राष्ट्राच्या कथेचा आहे, व्हाइसरॉयांचा, मुक्तिदात्यांचा आणि राष्ट्राध्यक्षांचा. एका देशाने आपला गतकाळ दोन इमारतींत वाटला. राष्ट्राच्या वाट्याला इतिहास आला आणि इंडियनांच्या वाट्याला मानवशास्त्र. तळमजल्यावरून वर जाणारा प्रेक्षक जिन्याच्या पायऱ्यांवर ही साडेचारशे वर्षे ओलांडतो, आणि ओलांडल्याचे त्याला कळत नाही. कारण त्याविषयी काही सांगावे असे मार्गदर्शकाच्या वाटेवर काही ठेवलेलेच नाही. शिवाय तोवर पाय थकलेले असतात. पुष्कळशा फेऱ्या तळमजल्यावरच संपतात, हा निव्वळ वेळापत्रकाचा भाग मानावयाचा असेल तर मानावा. पण वेळापत्रक करणाऱ्याने काय महत्त्वाचे आणि काय सोडण्याजोगे हे ठरवलेलेच असते.

३

अर्थाची अनिश्चितता हा आपल्या सिद्धान्तनाचा लाडका विषय. तिची परीक्षा घेण्यासाठी संग्रहालयाच्या आवाराबाहेर, रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या महाकाय शिलेइतकी योग्य वस्तू सापडणार नाही. उंची सुमारे सात मीटर, वजन सुमारे १६८ टन. ती पर्जन्यदेव त्लालोक याची मूर्ती आहे, असे सांगितले जाते. पण ती जलदेवता चालचिउत्लिक्वे हिची असावी असे मत एकोणिसाव्या शतकातच मांडले गेले होते, आणि तो वाद पुरता मिटलेला नाही. संहितावादी समीक्षकाला येथे आनंद व्हावा. देव की देवी, हेच ठरत नाही!

ही शिला मेक्सिको शहराच्या पूर्वेस, तेश्कोको परिसरातील कोआत्लिंचान या गावाजवळच्या घळीत शतकानुशतके आडवी पडून होती. गावाचे तिच्याशी नाते होते. संग्रहालयाच्या दारात उभी करण्यासाठी ती नेण्याचे ठरले तेव्हा, १९६४ च्या प्रारंभी, गावकऱ्यांनी विरोध केला. वाहतुकीच्या साधनांची मोडतोड केली. शेवटी सैनिकांच्या बंदोबस्तात, १६ एप्रिल १९६४ रोजी, खास बांधलेल्या वाहनावरून ती राजधानीत नेण्यात आली. मोबदला म्हणून गावाला शाळा, दवाखाना, रस्ता अशा सोयी मिळाल्या. २००७ साली गावाच्या चौकात शिलेची प्रतिकृती बसवण्यात आली. या प्रकरणावर सांद्रा रोसेंताल या अभ्यासिकेने दीर्घकाळ संशोधन केले असून जेसी लर्नर यांच्यासह एक माहितीपटही केला आहे. शिला शहरात शिरली तेव्हा ऐन कोरड्या दिवसांत मुसळधार पाऊस झाला, ही हकीकत मात्र कोणत्याही संशोधनाच्या मदतीवाचून सर्वतोमुखी आहे. पावसाची गोष्ट चमत्काराची आहे आणि ऐकणाऱ्याला सुखावते. सैनिकांची गोष्ट कारणांची आहे. ती ऐकली की पुढचा प्रश्न विचारावा लागतो.

शिलेचे नाव अनिश्चित असेल. पण तिचा पत्ता अनिश्चित नव्हता. ती कोणाच्या शिवारात होती, कोणी नेली, कोणाच्या हुकमाने आणि कोणाच्या विरोधाला न जुमानता, या प्रश्नांना उत्तरे आहेत, आणि ती वाचकाच्या प्रतिसादावर अवलंबून नाहीत. संग्रहालयाला केवळ संहिता मानणारी समीक्षा वस्तूच्या अर्थाविषयी अखंड बोलत राहते आणि वस्तूच्या ताब्याविषयी एक शब्द बोलत नाही. अर्थाची चर्चा जितकी मुक्त होते तितका ताब्याचा प्रश्न दृष्टीआड होतो. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही.

याच संग्रहालयातील कोआत्लिक्वे या देवीच्या मूर्तीचा वृत्तान्त याहून जुना आहे. १३ ऑगस्ट १७९० रोजी मेक्सिको शहराच्या मुख्य चौकात खोदकाम चालू असता ती सापडली. विद्यापीठात ठेवण्यात आली. पण इंडियन लोक तेथे येऊन तिची पूजा करू लागले, तेव्हा ती पुन्हा पुरण्यात आली. १८०३ मध्ये हुम्बोल्ट यांना पाहता यावी म्हणून उकरली आणि त्यानंतर परत झाकली. विद्वानाला जी पाहण्यास हरकत नाही ती भक्ताने पाहिली तर धोका आहे, हे त्या काळच्या अधिकाऱ्यांना पुरेपूर ठाऊक होते. मराठीत आपल्याला हा भेद सांगण्यासाठी वेगळी परिभाषा घडवावी लागत नाही. मेणबत्त्या घेऊन आलेल्यांना दर्शन हवे होते. दर्शनात देवताही भक्ताकडे पाहत असते. प्रदर्शनात पाहणे एकतर्फी होते. मार्गदर्शन हा शब्द त्याच धातूचा. मार्गदर्शकाचे काम प्रेक्षकाला प्रदर्शन दाखवण्याचे आहे, आणि त्याचबरोबर दर्शनाची शक्यता मिटवण्याचेही.

४

ग्रंथकर्त्याच्या मृत्यूची घोषणा रोलां बार्थ यांनी १९६७ साली केली, आणि तिचा निनाद आपल्याकडे अजून ओसरलेला नाही. मानवशास्त्र संग्रहालयात ही घोषणा किती विचित्र वाटते, याचा विचार मात्र झालेला नाही. मरण्यासाठी आधी जन्मावे लागते. या प्रकारच्या संग्रहालयांतील रूढ नोंदपद्धतीनुसार वस्त्राखाली लोकसमूहाचे नाव येते, प्रदेशाचे नाव येते, तंतूचे आणि रंगाचे नाव येते. विणणारीचे नाव येत नाही. ते नाव कोणी मारलेले नाही. ते कधी लिहिलेच गेले नाही.

हा नियम सर्वांना लागू असता तर त्याला तत्त्वाची प्रतिष्ठा देता आली असती. पण चापुल्तेपेकच्या वास्तूत कर्तृत्वाची नावे भरपूर आहेत. प्रवेशकक्षातील भित्तिचित्र रुफिनो तामायो यांचे. चौकातील खांबावरचे शिल्पकाम चावेस मोरादो यांचे. चियापासमधील मायांच्या 'जादूमय जगा'वर संग्रहालयासाठी भित्तिचित्र काढले ते इंग्लंडमध्ये जन्मलेल्या अतिवास्तववादी चित्रकर्त्री लिओनोरा कॅरिंग्टन यांनी. त्यासाठी त्या चियापासला जाऊन राहिल्या, रेखाटने केली. ज्या संग्रहालयाच्या वरच्या मजल्यासाठी माया स्त्रियांची वस्त्रे गोळा केली जात होती त्याच संग्रहालयासाठी हे चित्र काढले जात होते. चित्र कॅरिंग्टन यांचे ठरले आणि वस्त्रे मायांची ठरली. दोन्ही कामे हातांनी केलेली, दोन्हींत परंपरा आणि प्रतिभा यांचा संयोग. एकाला कर्ता मिळाला, दुसऱ्याला समूह.

यावर असे उत्तर दिले जाते की, समूहाच्या कलेत व्यक्तीचे नाव शोधणे हाच पाश्चात्त्य आग्रह आहे. हे उत्तर ऐकण्यास उदार वाटते. पण समूहाचे कर्तृत्व आणि निनावीपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत. २०१५ साली ओआहाकातील त्लाउइतोल्तेपेक या मिहे गावाने आपल्या पारंपरिक पोलक्याच्या नक्षीची नक्कल पॅरिसमधील एका वेशरचनेत झाल्याचे जाहीरपणे सांगितले आणि त्याविरुद्ध आवाज उठवला. तेथे समूह कर्ता म्हणून उभा राहिला. तो स्वतःच्या नावाने बोलला, तक्रार केली, हक्क सांगितला. संग्रहालयाच्या पाटीवरील समूह बोलत नाही. त्याच्या नावाने दुसराच बोलतो आणि त्याचे वर्णन करतो. तेव्हा पाटीवर व्यक्तीचे नाव आहे की समूहाचे, हा दुय्यम प्रश्न होय. त्या नावाला क्रियापद कोणते जोडले आहे, हा खरा प्रश्न आहे.

५

या संग्रहालयावरील सर्वांत प्रसिद्ध वाङ्मयीन टीका ऑक्ताव्हिओ पाझ यांची. १९६२ ते १९६८ या काळात ते भारतात मेक्सिकोचे राजदूत होते. २ ऑक्टोबर १९६८ रोजी मेक्सिको शहरातील त्लातेलोल्को येथे निदर्शने करणाऱ्या विद्यार्थ्यांवर लष्कराने गोळीबार केला. ऑलिंपिक सामने दहा दिवसांवर आले होते. पाझ यांनी त्याचा निषेध म्हणून राजदूतपद सोडले. दिल्लीशी असलेल्या या संबंधामुळे आणि भारताविषयीच्या त्यांच्या लेखनामुळे आपल्याकडे त्यांच्याविषयी विशेष आस्था आहे, ती योग्यही आहे. त्यांच्या नैतिक धैर्याबद्दल मला शंका नाही. मला शंका आहे ती त्यांच्या मीमांसेविषयी.

१९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पोस्दाता' या पुस्तकाच्या अखेरच्या भागात पाझ संग्रहालयाकडे वळतात. तेथे सर्व प्राचीन संस्कृती मेशिकांच्या वैभवाकडे जाणाऱ्या पायऱ्या ठरवल्या जातात. राज्यसंस्था स्वतःला मेशिका सत्तेची वारस समजते आणि म्हणून त्या दालनाला गाभाऱ्याचे स्थान देते, हे त्यांचे निरीक्षण बिनतोड आहे. पण त्यापुढे ते जे करतात ते निरीक्षण राहत नाही. पिरॅमिड हे मेक्सिकोच्या इतिहासात पुनःपुन्हा प्रकटणारे मूलरूप ठरते. त्लातेलोल्कोचे हत्याकांड हे बलिदानाच्या प्राचीन विधीची पुनरावृत्ती ठरते. आणि 'दुसरा मेक्सिको' म्हणजे केवळ दरिद्री, मागासलेला मेक्सिको नसून सर्वांच्या आत दडलेले गतकाळाचे वास्तव ठरते. परिणामी गोळीबाराचा कर्ता कोण? एक सरकार, त्याचा राष्ट्राध्यक्ष, त्याचे लष्कर, त्यांचे हुकूम हे सर्व भूतकाळातील क्रियापदाचे कर्ते मागे सरतात आणि पुढे येतो तो पिरॅमिड. येथे असे होत असते, असा निष्कर्ष वाचकाच्या मनावर ठसतो. हा रीतिवर्तमानकाळ आहे. संग्रहालयाने वरच्या मजल्यावर ज्याचा वापर जिवंत इंडियनांसाठी केला, तोच पाझ यांनी संपूर्ण राष्ट्रासाठी केला. संग्रहालयाच्या मिथकावर त्यांनी प्रतिमिथक रचले, आणि ते रचताना पाय तळमजल्यावरच ठेवले. वर कोण राहतो, तो आज काय करतो, त्याच्या जमिनीचे काय झाले, हे प्रश्न त्यांच्या युक्तिवादाला निर्णायक वाटले नाहीत.

ते प्रश्न त्याच काळात दुसऱ्यांनी विचारले होते. १९७० मध्येच गिलेर्मो बोन्फिल बाताया आदी तरुण मानवशास्त्रज्ञांनी मेक्सिकन मानवशास्त्राच्या सरकारी चाकरीवर हल्ला चढवणारा लेखसंग्रह काढला. मानवशास्त्र हे सुशासनाचे साधन असावे, हा विचार मानुएल गामिओ यांनी १९१६ मध्ये मांडला होता. त्याची फळे हे तरुण मोजत होते. पुढे नेस्तोर गार्सिआ कान्क्लिनी यांनी १९९० मधील आपल्या ग्रंथात वरच्या मजल्याविषयी एक साधी गोष्ट नोंदवली: आजच्या इंडियन गावांत सर्रास दिसणाऱ्या कारखानी मालाला त्या दालनांत जागा नव्हती. ही निरीक्षणे काव्यात्म नाहीत. त्यांत मूलरूपे नाहीत. म्हणूनच कदाचित साहित्यसमीक्षेत पाझ यांचा पिरॅमिड प्रवास करतो, आणि ही निरीक्षणे मागे राहतात.

६

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की, १९६४ चे संग्रहालय आज राहिलेले नाही. वरच्या दालनांची फेरमांडणी झाली आहे, नवी माहिती, नवी माध्यमे आली आहेत. हे खरे आहे आणि त्याचे स्वागतच केले पाहिजे. परंतु जिना तसाच आहे. तळमजला आणि वरचा मजला यांतील वाटणी तशीच आहे, आणि टेकडीवरचे इतिहासाचे संग्रहालयही वेगळेच आहे. वाक्यातील विशेषणे बदलल्याने क्रियापदाचा काळ बदलत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. इतिहास, तारखा, कार्यकारण यांची मागणी ही आधुनिक राष्ट्राचीच मागणी नव्हे काय? मूळ रहिवाशांची कालकल्पना वेगळी असेल. तिच्यावर आपला भूतकाळ का लादावा? या आक्षेपाला उत्तर सिद्धान्ताने देण्याऐवजी घडलेल्या गोष्टींनी देतो. ओआहाकातील सांता आना देल व्हाये या झापोतेक विणकरांच्या गावाने १९८६ मध्ये स्वतःचे सामुदायिक संग्रहालय उघडले. त्यात काय ठेवावयाचे, हे गावाने ठरवले. त्यांनी प्राचीन अवशेष ठेवले, विणकाम ठेवले, आणि मेक्सिकन क्रांतीच्या काळात त्या गावाचे काय झाले हेही ठेवले. मार्गदर्शक स्वतःचा असला की गाव वर्षे सांगू लागते. १ जानेवारी १९९४ रोजी चियापासमध्ये झापातिस्ता उठाव झाला. त्यातील बहुसंख्य त्सोत्सिल, त्सेल्ताल, चोल, तोहोलाबाल, म्हणजे वरच्या मजल्यावरील माया दालनात ज्यांचे वर्णन असते तेच लोक होते. त्यांनी निवडलेला दिवस हा उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करार अमलात येण्याचा दिवस होता. कालचक्रात विहरणाऱ्या लोकांनी दिनदर्शिका इतकी बारकाईने पाहिली असती काय? २८ मार्च २००१ रोजी त्यांच्या प्रतिनिधी कमांडर एस्तेर यांनी मेक्सिकोच्या संसदेत भाषण केले. २०१९ मध्ये मिहे भाषाशास्त्रज्ञ यास्नाया अगिलार यांनी त्याच संसदेच्या प्रतिनिधिगृहात मिहे भाषेतून बोलत, भाषा आपोआप मरत नसतात, राज्यसंस्थेने त्या मारल्या आहेत, अशी मांडणी केली. भाषा लोप पावत असतात, हे रीतिवर्तमान. भाषा मारल्या गेल्या, हा भूतकाळ. फरक व्याकरणाचा आहे, आणि त्या फरकावर उत्तरदायित्व अवलंबून आहे. ज्या देशात सरकारी नोंदीप्रमाणे ६८ मूळ भाषासमूह आहेत आणि त्या भाषा बोलणारे सत्तर लाखांहून अधिक लोक आहेत, तेथे हा किरकोळ फरक नव्हे.

प्रदर्शनाला दिलेले उत्तर निदर्शन हेच असते, असे हे प्रसंग पाहून म्हणावे लागते. वेगळ्या कालकल्पनेचा आदर करण्याच्या नावाखाली माणसाला काळाबाहेर ठेवणे, हे सौजन्याच्या भाषेतले जुनेच काम आहे.

७

या सर्वांचा मराठी समीक्षेशी काय संबंध, याचे उत्तर आपल्याच वाक्यांत आहे. 'या कवितेतून आदिवासी जीवनाचे दर्शन घडते', 'आदिवासी संस्कृतीचे प्रत्ययकारी चित्रण येते', 'निसर्गाशी एकरूप झालेले हे जीवन आहे', ही वाक्ये आपल्या परीक्षणांत आणि प्रबंधांत इतकी रुळली आहेत की, ती कोणी लिहिली हे शोधण्याची गरज उरलेली नाही. त्यांतील क्रियापदे पाहावीत. वरच्या मजल्यावरील पाट्यांवर ती सहज बसतील. आदिवासी लेखकाची कविता हाती आली की आपण प्रथम तिच्यातील सण, देव, वाद्ये आणि शब्द यांची सूची करतो, मग ती सूची म्हणजेच आशय असे सांगतो, आणि शेवटी प्रतिमा, रचना, निवेदक यांविषयी दोन ओळी लिहितो. नागर कवीच्या बाबतीत हा क्रम आपण उलटा ठेवतो. तेथे कवीला व्यक्तित्व असते, काळ असतो, विकास असतो, पूर्वसुरींशी झगडा असतो.

वाहरू सोनवणे यांचा 'गोधड' हा संग्रह १९८७ चा. त्यांच्या मागे शहादे परिसरातील श्रमिकांच्या आणि जमिनीच्या लढ्याचा अनुभव होता. हा लढा सत्तरच्या दशकातला. त्याला तारखा आहेत, मागण्या आहेत, प्रतिपक्ष आहे. त्या कवितेला भिल्ल जीवनाचे दर्शन म्हणणे म्हणजे तिच्यातील लढ्याचा भूतकाळ काढून घेऊन तेथे रीत ठेवणे होय. भुजंग मेश्राम यांनी आपल्या संग्रहाला 'उलगुलान' हे नाव दिले, ते बिरसा मुंडाच्या १८९९-१९०० मधील उठावाचे नाव. हे नाव शब्दसूचीत टाकून त्याचा अर्थ 'बंड' असा देऊन मोकळे होणारा समीक्षक, शिला उचलून आणल्यावर तिच्याखाली 'पर्जन्यदेव' अशी पाटी लावणाऱ्यापेक्षा वेगळे काय करतो? आपल्या दुःखाचे निवेदन कोण करतो, हा प्रश्न सोनवणे यांच्या 'स्टेज' या कवितेने मराठीत उघडपणे उभा केला आहे. त्या कवितेचे कौतुक आपण पुष्कळ केले. तिने विचारलेला प्रश्न मात्र आपल्या स्वतःच्या परीक्षणलेखनाला लावून पाहिला नाही.

माझी मागणी मर्यादित आहे. आदिवासी साहित्याला सवलत द्यावी असे मी म्हणत नाही. सवलत हाही वरच्या मजल्याचाच एक प्रकार आहे. नवा सिद्धान्त आयात करावा असेही म्हणत नाही. पदव्युत्तर वर्गात अशी संहिता शिकवताना, तिच्यावरील परीक्षण वाचताना आणि लिहिताना, प्रत्येक विधानाचे क्रियापद तपासावे. जेथे 'असतात' आहे तेथे 'केव्हापासून' आणि 'कशामुळे' हे विचारावे. जेथे समूहाचे नाव आहे तेथे कर्त्याचे नाव का नाही, हे विचारावे. आणि ज्या समीक्षकाला संहितेच्या अनंत अर्थांविषयी बोलावयाचे असेल त्याने प्रथम ती संहिता कोणाच्या शिवारातून आली, हे सांगावे. एवढे झाले तरी आपल्या समीक्षेतील बरीचशी वाक्ये पुन्हा लिहावी लागतील, आणि ती लिहिण्याचे काम अद्याप सुरू झालेले नाही.